मदरनं तोंड उघडेपर्यंत

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज जेवणं उशिरा झाली. कारण आमच्या सूनबाई माशांच्या काचेच्या टाकीसमोर मांडी घालून, मोबाइल समोर धरून बसल्या होत्या. कणीक परातीत वाळत पडलेली, दार सताड उघडं आणि त्या दारातून शेजारची बकरी बैठकीत आलेली. मी स्वयंपाकघरातून हाका मारून थकले. शेवटी उत्तर आलं, "आई, हे पाहा न." मी म्हटलं, पाहीन, आधी बकरी पाहा.

माझा मुलगा प्रसेनजित म्हणतो मी फार मोठ्यानं बोलते. उभी नोकरी वाशिमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. ट्रंक लाइनवर मुंबईपर्यंत आवाज पोचवायचा तर कुजबुजून भागत नसे. आमचा नियम होता: लाइन जोडायची, "बोला" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. लोकांचं काय काय चालायचं त्या तारांवर! मी कधी ऐकलं नाही. माझ्याशेजारी बसणाऱ्या ऐकायच्या, मी नाही. तशी शिस्त आता कुणाला सांगूनही कळणार नाही.

रंजीता मुलगी वाईट नाही. अबोल आहे, एवढंच. लग्नाला दोन वर्षं होत आली, तरी तिचं एक अखंड वाक्य मी ऐकलेलं नाही.

१२ फेब्रुवारी

मदर जेवत नाही.

मदर म्हणजे पाच पिवळ्या माशांपैकी सर्वांत मोठी. हे मासे प्रसेनजितनं हौसेनं आणले आणि दोन महिन्यांत विसरला, त्यामुळे दाणा-पाणी माझ्याकडे आलं. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड. अंग लिंबासारखं पिवळं, पाठीवर काळी किनार. ही एक सगळ्यांपासून दूर, शहाबादी फरशीच्या तुकड्यामागे ओठ मिटून उभी असते आणि इतरांकडे असं बघते की त्यांनी काहीतरी पाप केलंय. अकोल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या मदर सुपिरिअर जेवणघराच्या दारात अश्शाच उभ्या राहत. नाव तिथून आलं. तेव्हा ती नर की मादी हे मला ठाऊक नव्हतं.

आज तिची हनुवटी फुगलेली दिसली. दाणे टाकले, बाकीचे तुटून पडले, ही बघत राहिली. मी इंटरनेटवर वाचत बसले. इंग्रजी माझं अजून शाबूत आहे. या जातीची मादी अंडी घालते आणि लगेच उचलून तोंडात ठेवते. तिथेच ती उबतात, तिथेच पिल्लं होतात. तीन-चार आठवडे. तोवर उपास.

नराचा प्रकार तर ऐकण्यासारखा आहे. त्याच्या खालच्या परावर अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात. बिचारीला वाटतं, आपलं एक अंडं उचलायचं राहिलं. ती ते टिपायला जाते आणि त्या गडबडीत तोंडातली अंडी फळतात. म्हणजे तो काम करतो तेही फसवूनच, आणि त्यानंतर दुसरीच्या मागे लागतो. पुढचं सगळं हिनं तोंड दाबून निभवायचं.

मदर सुपिरिअरला दिवस गेलेत! कॉन्व्हेंटमध्ये हे वाक्य बोलले असते तर वाचनालयाबाहेर गुडघ्यांवर उभी राहिले असते. मला दुपारभर हसू येत होतं. आणि खोटं कशाला लिहू, ऊर भरून आला होता. माझ्या घरात, माझ्या हातच्या पाण्यात.

१३ फेब्रुवारी

"वऱ्हाड मत्स्यप्रेमी" या व्हॉट्सअॅप गटावर मदरचा फोटो टाकला आणि ही बातमी दिली. गटाचा मुखिया राजपाल. त्याचं अकोल्याला माशांचं दुकान आहे आणि आवाजी संदेशात तो प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरतो. त्यानं लिहिलं:

"आजी, हा नर हाय. खालच्या परावर ठिपके पाहा. गयाले सूज आली हाय त्याच्या. मिठाच्या पाण्यात टाका, नाही त बाकीचे बी जातीन."

मादीलासुद्धा फिकट ठिपके असू शकतात, हे मी वाचलेलं होतं. तसं कळवलं. आणि हेही कळवलं की मी अजून आजी झालेले नाही आणि झाले तरी तुमची होणार नाही.

यावर त्याचा निरोप: "मंग जाळीनं पकडा, तोंड उघडून फोटो टाका. अंडी दिसली त राजपाल आपली मिशी काढते."

खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. कारंज्याचा एक, रिसोडचे दोन, आणि एक बाई चक्क यवतमाळची. बाईनंसुद्धा हसावं!

रंजीता स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "आई, मले त्याच्यातलंच सांगाचं होतं—" मी म्हटलं, तू नंतर सांग, आधी मला याला उत्तर लिहू दे.

१५ फेब्रुवारी

जाळी हातात घेतली.

मदर फरशीमागे सरकत गेली. तिला पुढे जागा नव्हती. ओठ घट्ट मिटलेले आणि हनुवटीखाली काहीतरी हळूहळू चाळवत होतं. अंडी आतल्या आत फिरवत राहते म्हणे, बुरशी धरू नये म्हणून. तिची ही पहिली वेळ आहे. पहिलटकरणी घाबरल्या तर अंडी टाकून देतात, नाहीतर गिळून टाकतात.

म्हणजे पुरावा द्यायचा तर पिल्लं जातात. पिल्लं ठेवायची तर त्या खाकऱ्याकडून आजी ऐकून घ्यायचं.

मी बराच वेळ जाळी धरून उभी होते. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. एक्स्चेंजमध्ये साहेबाला मी भर ड्युटीवर "तुमचं व्याकरण सुधारा" असं सांगितलेलं आहे. पण मदरनं डोळा माझ्यावरून हलवला नाही. मी जाळी खिळ्याला अडकवली.

ठरवलं. ती तोंड उघडेपर्यंत मी उघडणार नाही. गटावर एक अक्षर लिहायचं नाही. प्लास्टिकची जाळी कापून तिच्या कोपऱ्याला आडपडदा केला, म्हणजे बाकीच्यांचा जाच नको.

१७ फेब्रुवारी

दूधवाल्यानं दुधात पाणी घातलं होतं. मी दारात उभी राहून त्याला जे सांगितलं ते बसस्टँडपर्यंत गेलं असेल. आत वळले तर मदर काचेवर धडकून गिरक्या खात होती आणि खाली वाळूवर एक केशरी दाणा पडलेला.

अंडं.

तेवढं गेलं. काचेच्या कोपऱ्यातली वाळू वर आली आणि ते त्यात दिसेनासं झालं.

एक गोष्ट बरी झाली. अंडी आहेत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दुसरी बरी नाही. माझ्या आवाजानं ती दचकते. आता बैठकीत मोठ्यानं बोलायचं नाही. हळू बोलायला मला येत नाही. तेव्हा बोलायचंच नाही.

२० फेब्रुवारी

गप्प. राजपालनं गटावर विचारलं, "आजीचा मासा गेला काय?" उत्तर दिलं नाही. संध्याकाळी जबडा दुखत होता.

२३ फेब्रुवारी, रविवार

एक चमत्कार नोंदवून ठेवते. रंजीता बोलायला लागली आहे.

मी मदरजवळ खुर्ची टाकून बसले होते. ती तुरीच्या शेंगा सोलत खाली बसली. जरा वेळानं म्हणाली, "आई, तुमी रागावल्या त नाही न?" मी मान हलवली. "मंग बोलू?" मी हातानं बोल म्हटलं, आणि काय सांगू, नळ सुटावा तशी सुटली. आपल्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, माहेरी मानोऱ्याच्या तांड्यावर विहिरीच्या पाण्यात कशी मऊ व्हायची. लग्नानंतर पहिल्याच दिवशी डाळ कच्ची राहिली आणि तिला वाटलं, हिला स्वयंपाक येत नाही असं मी आता गावभर करणार. (मी केलं होतं. पण फक्त गल्लीत.) मग त्यांची बंजाऱ्यांची गोर बोली, मग तिच्या कॉलेजमधली भाषणाची स्पर्धा, ज्यात तिला बक्षीस मिळालं होतं. भाषणाची! मला कुणी सांगितलंच नव्हतं.

शेवटी म्हणाली, "आई, त्या दिवशी मी काचेसमोर बसून होती न, तवा—" तेवढ्यात प्रसेनजित आला आणि त्यानं स्वतःचं सुरू केलं. त्याची शाळा मेडशीला. आज रविवार असून कसल्या प्रशिक्षणाला बोलावलं, येताना एसटी कशी बंद पडली, इत्यादी. मधेच बोलायची त्याची ही सवय कुणाकडून आली देव जाणे. आम्ही देवाला मानत नाही, तरी जाणे.

रंजीता उठून भाजी टाकायला गेली. दोन वर्षांनी का होईना, तिला इथलं पाणी मानवलं म्हणायचं.

२६ फेब्रुवारी

"आई, तुई तब्येत बरी हाय न?" प्रसेनजितनं जेवताना विचारलं. मी मान डोलावली.

"आठ दिवस झाले, तू कोणाले शिवी नाही देल्ली. डॉक्टरले दाखवू काय?"

बाईनं तोंड मिटलं की या लोकांना रोगच दिसतो. राजपाल काय अन् माझा पोरगा काय.

रंजीता पदराआड हसली. मी पाहिलं. हसू दे.

२ मार्च, रविवार

आज फार मोठं संकट टळलं.

रंजीताची आई गोमतीबाई मानोऱ्याहून आली. बाई कष्टाळू आहे, हात लोखंडासारखे. आली की दहा मिनिटांत घरातलं काहीतरी घासायला घेते. मी न बोलता पाणी दिलं तर तिला वाटलं मी रुसले. मग ती काचेजवळ जाऊन बसली.

"विहीणबाई, हिले तोंड आलं हाय," ती म्हणाली. "पाहा न, गाल कसे फुगले. बिचारी खाते काय अशानं?"

मी हातवारे केले. ते तिला भलतेच कळले. तिनं कमरेची पिशवी काढली, त्यातून तुरटीचा खडा काढला आणि म्हणाली, "तुरटीच्या पाण्यानं दोन दिवसांत तोंड बसते. माया सगळ्या लेकराईले मीच देल्ली." आणि हात काचेच्या वर गेला.

मी तोंड उघडलं, मदर दचकेल म्हणून मिटलं आणि विहिणीचा हात धरायला धावले. मासा तुरटीच्या पाण्यात जगत नाही, आणि तोंडात पोरं असलेला तर मुळीच नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून असा आवाज आला की मी दचकले, गोमतीबाई दचकली, बाहेरची बकरीसुद्धा ओरडली.

"याडी! नको टाकू! तिच्या तोंडात लेकरं हायत!"

रंजीता. आईला त्यांच्या बोलीत याडी म्हणतात. पिठाचे हात तसेच. खडा खाली पडला. आमची मदर मात्र जागेवरून हलली नाही. रंजीताच्या आवाजाला ती दचकत नाही हे मी टिपून ठेवलं.

गोमतीबाई मग गालाला हात लावून बघत राहिली. "तोंडात? आन् खात नाही?" बराच वेळ बघितल्यावर म्हणाली, "मी ऊसतोडीले जाओ त ह्या रंजीताले पाठीवर बांधून नेओ. कोयता चालवताना बी पाठीवर. लोक म्हणत, पोरीले तांड्यावर ठेव. मी म्हणो, नाही. हे तोंडात ठेवते, मी पाठीवर ठेवली. एकच झालं." मग मदरला म्हणाली, "ठेव बाई, ठेव. कोणाचं आयकू नको."

बाईला मी आतापर्यंत नीट बघितलेलं नव्हतं असं वाटलं. जाताना तिला सोयाबीनच्या वड्या बांधून दिल्या.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. मलाच अंडं दिसलं म्हणून खात्री आहे. रंजीताला इतकी खात्री कुठून?

६ मार्च

मदर फारच वाळली आहे. पाठीचा कणा दिसतो. पोट आत गेलं. डोकं मोठं आणि अंग काडी. दाण्यांकडे बघते, जवळ येते आणि पुन्हा मागे फिरते. ते मला बघवत नाही.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते आहे. तोंडात काही उरलंच नसेल तर? त्या दिवशीचं ते एकच अंडं असेल आणि बाकी गळ्याला सूजच असेल, तर? तर राजपाल खरा, मी हट्टी म्हातारी, आणि मदर माझ्या हट्टापायी उपाशी मेली. मिठाचं पाणी करून ठेवलं. मग ओतून दिलं. पुन्हा केलं, पुन्हा ओतून दिलं.

रंजीता म्हणाली, "आई, थांबा. तिले ठाऊक हाय."

थांबले.

९ मार्च, रविवार

सकाळी चहाचा कप हातात घेऊन काचेजवळ गेले. मदर फरशीच्या तुकड्यापुढे आली होती, उघड्यावर. तिनं जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं.

तोंडातून धुरासारखं काहीतरी निघालं. मग त्या धुराला डोळे दिसले. तांदळाच्या कण्यांएवढी पिल्लं, प्रत्येकाला पाठीवर काळी किनार, आईसारखीच, कुणी इस्त्री करून लावल्यासारखी. खडकांच्या फटीफटीत शिरली. कप माझ्या हातात कलला, चहा साडीवर सांडला. माझी सावली काचेवर पडली, तर मदरनं पुन्हा तोंड उघडलं आणि सगळी पोरं सपासप आत परत गेली. जरा वेळानं पुन्हा बाहेर. घर असावं तर असं.

मग तिनं एक दाणा खाल्ला. एकच. सावकाश.

मी ओरडले. होय, ओरडले. आता कुणाच्या बापाला भीत नाही. "रंजीता! प्रसेनजित! या!"

प्रसेनजितनं डोळे चोळत बघितलं आणि म्हणाला, "बापरे आई. तू त जिकली." गल्लीतली चार माणसं आली. वाशिमच्या या पाण्याला सगळे शिव्या देतात. बादलीला पांढरा थर, नळ गच्च, डाळ कच्ची. आणि याच कडक पाण्यात मलावीच्या पोरांना घर सापडलं! मलावीचं पाणी असंच कडक असतं. अकोल्याचे दुकानदार म्हणे पाण्यात क्षारांच्या पुड्या टाकून ते कडक करतात. आम्हाला ते फुकट येतं, बोअरमधून.

मग मी राजपालसाठी संदेश लिहायला घेतला. तीन परिच्छेद. दोन इंग्रजी शब्द असे की त्याला शब्दकोश उघडावा लागला असता. मिशीचा उल्लेख सुरुवातीला आणि शेवटी. पाठवणार तेवढ्यात रंजीता म्हणाली, "आई, त्यापेक्षा हे टाका."

तिनं मोबाइल पुढे केला. चित्रफीत. तारीख ९ फेब्रुवारी.

काचेत शहाबादी फरशीवर नर थरथरत गोल फिरतो आहे. मदर त्याच्यामागे. ती केशरी अंडी सोडते, गर्रकन वळते, टिपते, मग त्याच्या ठिपक्यांशी तोंड नेते. पुन्हा. पुन्हा. एकही अंडं सोडत नाही. सगळं, अगदी सगळं. तीन आठवडे मी ज्याच्यासाठी जबडा आवळून बसले तो पुरावा माझ्याच घरात, सुनेच्या हातात होता.

"आधी का नाही सांगितलंस?"

"सांगूनच राह्यली होती न आई," ती म्हणाली. "त्याच्यातच हाय. आवाज वाढवा."

वाढवला. आवाज माझा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. "रंजीता! कणीक! दार! रंजीता, बकरी! या घरात मी एकटीच..." स्वयंपाकघरातून, दोन भिंतींपलीकडून, एकेक अक्षर सुटं. म्हटलं, आवाज असावा तर असा. मग पुन्हा लावला आणि या वेळी तिचं ऐकायचा प्रयत्न केला. येतो तिचा आवाज मधूनमधून. "आई, अंडी—" "आई, तोंडात घेऊन राह्यली—" "आई, हे पाहा न." पाऊसपाण्यात ट्रंक लाइन खराब व्हायची तसा येतो. अर्धं वाक्य, मग खरखर.

खरखर म्हणजे मी.

माझ्या बोर्डावर अशी लाइन आली असती तर गोंगाट करणारा मी आधी तोडला असता.

रंजीतानं विचारलं, "आवाज बंद करून टाकू काय?"

"काहून?" मी म्हटलं. उभ्या जन्मात हा वऱ्हाडी शब्द माझ्या तोंडून गेला नव्हता. "काहून बंद करायचा? जसं झालं तसं टाक. आणि पिल्लांची नवी काढ. तिच्यात तू बोल."

परिच्छेद मी पुसले. दुसरा फार चांगला जमला होता.

१० मार्च

गट कालपासून पेटलेला आहे. यवतमाळच्या बाईनं टाळ्यांचे अकरा हात पाठवले. कारंज्यावाला विचारतो, मागे ओरडणाऱ्या कोण? त्याला कळवलं: मदर सुपिरिअर.

आज दुपारी राजपालचा फोन आला. आधी घसा खाकरला. मग म्हणाला, "मॅडम." आजी नाही. "मॅडम, काय जादू केली तुमी? माया दुकानात मादी हर बार अंडी गियून टाकते. पाणी कोन्तं? खाली काय टाकलं? अन् मिशीचं मी बोललो त—"

मिशीखाली काय दडलंय ते बघायची मला हौस नाही, असं सांगून टाकलं. पुढचंही ओठांवर आलं होतं. पाणी बोअरचं, फरशी शहाबादी, जाळीचा आडपडदा माझ्या डोक्यातला, आणि एवढे दिवस गप्प राहणं म्हणजे काय, ते तुमच्यासारख्याला पेलायचं नाही. सगळं रांगेत तयार होतं.

रंजीता काचेसमोर मांडी घालून बसली होती. मदर तिच्यासमोर, पोरं भोवती. तिनं माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं आणि पुन्हा काचेकडे.

"एक मिनिट," मी राजपालला म्हटलं. "ज्यांनी पाहिलं त्यांना देते." फोन रंजीताच्या हातात दिला. म्हटलं, "बोला."

आणि बाजूला झाले. स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली. ती सांगत होती, तो मध्ये घुसला की "आयका न भाऊ, आधी माहं होऊ द्या" म्हणत होती. दोन भिंतींपलीकडून एकेक अक्षर सुटं येत होतं.

मी ऐकत नव्हते. नियम तो नियम. पण येत होतं स्पष्ट.